पुण्य नको

"आडनाव?"

"विटकर."

"मोठ्यानं."

"विटकर, सर."

"म्हणजे तुम्ही लोक कोण?"

माझी मान खाली गेली. समोर लाकडी खुर्चीत पायावर पाय टाकून रामटेके सिस्टर बसल्या होत्या. अंगात त्यांच्या वारलेल्या यजमानांचा करडा कोट, नाकावर त्यांचाच चष्मा. रविवारची दुपार होती आणि बाहेर गल्लीतली पोरं क्रिकेट खेळत होती.

"काऊन खाली पाहून राहिली?" सिस्टर म्हणाल्या. हा आवाज त्यांचा स्वतःचा होता. "खाली त्याचे बूट आहेत. बुटात उत्तर लिहिलं आहे का? वर पाहा. 'वडार, सर' म्हणायचं आणि त्याच दमात 'पुढचा प्रश्न विचारा' म्हणायचं. चल, पुन्हा."

आम्ही पुन्हा सुरुवात केली. त्या दुपारी त्यांनी मला कितीतरी वेळा खोलीबाहेर पाठवलं आणि आत बोलावलं. माझ्या बापाचा धंदा विचारला, इंग्रजी उच्चारांना हसल्या, बरोबर उत्तरावर तोंड वाकडं केलं, एकदा तर मी बोलत असताना उठून खिडकीशी गेल्या. माझा आवाज कापायचा थांबेपर्यंत त्यांनी मला पाणी दिलं नाही.

मी तेव्हा एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होते. मेडिसिनची तोंडी परीक्षा चार महिन्यांवर आली होती. परीक्षक असणार होते विभागप्रमुख डॉ. इनामदार. सिस्टर खुर्चीत बसायच्या त्या इनामदार होऊन. त्यांची ती बोटं जुळवून बसायची लकब, वाक्य अर्धं सोडून द्यायची सवय, सगळं सिस्टरना हुबेहूब यायचं. कसं काय, ते मी कधी विचारलं नव्हतं. विचारलेलं त्यांना आवडत नसे.

सिस्टर माझ्या कोणी नात्यातल्या नव्हत्या. त्यांचं आयुष्य तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर जिल्ह्याच्या गावी त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी त्या रांगेशी येऊन उभ्या राहायच्या. मुलांकडे बघायच्या नाहीत, मुलांच्या बापांकडे बघायच्या. माझे आबा खडी केंद्रावर दगड फोडायचे. त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून, कागदांची पिशवी छातीशी धरून उभे होते, आणि शिपायालासुद्धा नमस्कार करत होते. सिस्टर थेट त्यांच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या की पोरीला माझ्याकडे ठेवा, वसतिगृहात जेवण मिळेल पण अभ्यास होणार नाही.

आबांना ते खरंच वाटेना. पुढल्या खेपेला त्यांनी स्वतः घडवलेला पाटा-वरवंटा डोक्यावरून आणून सिस्टरच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, बाई, लई उपकार झाले. सिस्टरनी पाटा ठेवून घेतला, पण त्यांचा चेहरा आंबट झाला. "उपकार कोणी केले?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरात तो शब्द काढायचा नाही."

माझ्याआधी त्यांच्याकडे दोघं राहून गेली होती. एकाला दंतवैद्यकाला जागा मिळाली म्हणून तो दुसऱ्या शहरात गेला. एक मुलगी दुसऱ्या वर्षाला घाबरून घरी परतली, तिचं नावही सिस्टर घेत नसत. त्यांना पाहिजे होतं शेवटच्या वर्षापर्यंत पोचणारं कोणीतरी, आणि ती मी होते. हे मला पुढे कळलं.

त्यांचा मुलगा प्रसेनजित कधीमधी यायचा. मी त्याला प्रसेनदादा म्हणायची. तिशी ओलांडलेला, टाय लावलेला, हातात जाड चामडी बॅग. औषध कंपनीत साहेब आहे, एवढंच सिस्टरनी मला सांगितलं होतं. तो दुसऱ्या वस्तीत बायकोमुलांसह राहायचा. तो आला की सिस्टर तोंडी परीक्षेचा खेळ बंद करायच्या, कोट खुंटीला जायचा आणि चहा टाकला जायचा.

एका रविवारी तो न सांगता आला. दार उघडंच होतं. सिस्टर इनामदार होऊन मला झापत होत्या, "तुम्हाला इथपर्यंत येऊ दिलं हीच चूक झाली," आणि मी वर बघत उत्तर देत होते. त्यांची पाठ दाराकडे होती. मला दादा दिसला. तो उंबऱ्यात थांबून ऐकत होता, आईच्या अंगातला बापाचा कोट पाहत होता. मग बॅग या हातातून त्या हातात घेऊन तो आल्या पावली निघून गेला. सिस्टरना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तो मला पुन्हा दिसला. इनामदारांच्या केबिनबाहेर कंपन्यांची माणसं बॅगा घेऊन रांगेत उभी असत, त्या रांगेत तो होता. मला पाहून तो रांगेतून बाहेर आला आणि म्हणाला, चल, चहा घेऊ.

कँटीनमध्ये त्यानं दोन चहा सांगितले. मग म्हणाला, "काल जे चाललं होतं, ते माझं आहे. आई माझीच परीक्षा तुझ्याकडून देववून घेते आहे."

मला समजलं नाही. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तो याच कॉलेजात शिकला होता. बाकी सगळे विषय सुटले, फक्त मेडिसिन राहिलं. तोंडीला इनामदारांनी पहिल्या खेपेला जात विचारली आणि बाजूच्या परीक्षकाकडे पाहून हसले. दुसऱ्या खेपेला म्हणाले की तुम्हा लोकांना घाई फार. तिसऱ्या खेपेला, रामटेके पुन्हा आलात का, एवढंच म्हणून खिडकीबाहेर बघत बसले, प्रश्नच विचारला नाही. तीनही वेळा नापास. सिस्टर तेव्हा तालुक्याहून एसटीनं आल्या होत्या, इनामदारांच्या बंगल्यावर. फाटक उघडलंच नाही. इनामदार आतून, फाटकाच्या गजांवर हात ठेवून, अगदी हळू आवाजात बोलले होते: सिस्टर, सगळीच डॉक्टर झाली तर वॉर्डात काम कोण करणार?

त्याच वर्षी वडील गेले. दादानं चौथ्यांदा परीक्षेचा अर्ज भरलाच नाही.

"आणि आता त्यांच्याच दारात उभं राहावं लागतं?" मी विचारलं.

"औषधांची नावं तेवढी येत होती, म्हणून ही नोकरी मिळाली." तो चहाच्या कपाकडे पाहत बोलत होता. "पहिल्यांदा केबिनमध्ये गेलो तेव्हा दारातच थांबलो. वाटलं, ओळखतील, काहीतरी बोलतील. त्यांनी कार्ड घेतलं, न वाचता टेबलावर टाकलं, आणि म्हणाले, नवीन का? तेव्हापासून दर महिन्याला जातो. त्यांना अजून माहीत नाही मी कोण. मला खोकल्याच्या औषधाच्या नावानं हाक मारतात."

मी कप खाली ठेवला.

"आईला हे सांगू नको," तो म्हणाला. "तिला वाटतं, मी समोर गेलो की ते लाजून मान वळवतात. मीच तसं सांगितलं आहे. आणि तू सुद्धा तिच्या नादी लागू नको. पास हो आणि नीघ इथून. ते औषध लिहितात म्हणून माझं घर चालतं. जुनं उकरून मला काही मिळायचं नाही."

त्या संध्याकाळी मी सिस्टरशी बोलले. मला राग आला होता. चार वर्षं ज्या घराला मी माझं समजत होते, तिथे मी दुसऱ्याच कोणाच्या जागी उभी होते. मी विचारलं की तुम्ही मला ठेवून घेतलं ते फक्त इनामदारांवर सूड उगवायला का.

सिस्टर भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत.

"होय," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटलं, पुण्य करून राहिली मी?"

"मग मी कोण तुमची?"

"ऐक. उपकार केले असते तर तुला जन्मभर माझ्यापुढे मान खाली घालावी लागली असती. मी ते नाही केलं. मला तुझी गरज आहे, तुला माझी. बरोबरीचा सौदा आहे न?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "त्या माणसानं माझ्या पोराला टेबलासमोर बसवून संपवलं. त्याच टेबलासमोर बसून आमच्यातलं कोणीतरी त्याच्या डोळ्यात पाहून उत्तरं दिली पाहिजेत, आणि त्याला पास करावं लागलं पाहिजे. तेवढं पाहायचं आहे मला. नसेल जमत तर सांग. बॅग भर, मी काही म्हणणार नाही."

मी बॅग भरली नाही. त्यांनी भाकरी माझ्या ताटात वाढली आणि आम्ही जेवलो.

परीक्षेच्या दिवशी सिस्टर कॉलेजच्या फाटकापर्यंत आल्या. आत यायचं त्यांनी टाळलं. माझ्या ॲप्रनची कॉलर सरळ केली आणि एवढंच म्हणाल्या, वर पाहायचं.

टेबलामागे दोन परीक्षक होते. इनामदार, आणि बाहेरगावाहून आलेल्या डॉ. हळबे, पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी पहिल्या प्रश्नाची वाट पाहत होते. मला आडनाव विचारतील, हसतील, खिडकीबाहेर पाहतील, या सगळ्याला मी तयार होते.

तसं काही झालं नाही. इनामदारांनी छातीचा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि सभ्यपणे विचारलं की काय दिसतं. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. मी ते सांगितलं, कारणं सांगितली, पाणी कुठून काढायचं ते सांगितलं. हळबेबाईंनी हृदयाच्या झडपांवर विचारलं. तेही आलं. इनामदार मान डोलवत होते. मला वाटलं, सिस्टर चुकल्या, हा माणूस बदलला.

"ठीक आहे, या," ते म्हणाले. मी उठले. एवढा वेळ सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी वळते न वळते तोच ते हळबेबाईंकडे झुकले आणि मराठीत म्हणाले, "वडील दगड फोडतात हिचे. त्या मानानं पुष्कळ येतंय. देऊन टाकू मार्क, तेवढंच पुण्य."

आवाजात द्वेष नव्हता. चांगल्या जेवणानंतर माणूस बोलतो तसे ते बोलत होते. मी ऐकते आहे याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

सिस्टरनी मला अपमानासाठी तयार केलं होतं. याच्यासाठी नाही. दार चार पावलांवर होतं, मी पास झालेली होते. बाहेर पडले असते तर संध्याकाळी आबांना पेढे पाठवता आले असते. मी दोन पावलं गेले. मग परत आले आणि खुर्चीत बसले.

"झालं तुमचं," इनामदार म्हणाले.

"सर, मला पुण्य नको. अजून विचारा. सगळ्यात कठीण जे असेल ते विचारा, आणि मग मार्क द्या."

ते हसले, मोठ्या माणसांनी लहान मुलाला हसावं तसे. म्हणाले, भावनेच्या भरात जाऊ नका, मी तुमचं भलंच करतो आहे.

"प्रसेनजित रामटेके," मी म्हणाले. "त्याला तीनदा नापास केलंत. तेव्हा पुण्य कुठे गेलं होतं?"

"कोण?" ते म्हणाले.

तो चेहरा मी आजवर विसरले नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या कपाळावर खरोखर आठी पडली होती, आठवायचा प्रयत्न केल्याची, आणि काही न सापडल्याची. एका माणसाचं आयुष्य त्यांनी मोडलं होतं, आणि त्याची त्यांच्याकडे साधी खूणही नव्हती. मला त्या क्षणी सिस्टर समजल्या. आणि जे त्यांना पाहिजे होतं, ते आता मलाही पाहिजे झालं.

हळबेबाईंनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाल्या, बसून राहा. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि थांबल्याच नाहीत. मूत्रपिंड, मेंदूज्वर, विषबाधा, क्षयाची औषधं. एक उत्तर माझं साफ चुकलं, ते त्यांनी तोंडावर सांगितलं. बाहेरची मुलं दारातून डोकावू लागली. इनामदार घड्याळ पाहत बसले होते. शेवटी बाईंनी कागदावर आकडा लिहिला, कागद इनामदारांकडे न सरकवता सही केली आणि मला म्हणाल्या, "आता जा. हे मार्क तुझे आहेत. इथे जे बोललं गेलं त्याबद्दल डीनना लिहून द्यायचं असेल तर दे. मी माझं लिहिणार आहे."

घरी आले तर सिस्टर ओट्यावर बसून होत्या. मी पास होणार का, हे त्यांनी विचारलं नाही. मी सगळं सांगत गेले. प्रसेनजितचं नाव मी त्या टेबलावर घेतलं, हे ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"मग? मान वळवली असंल न त्यानं?"

दादानं मला सांगू नको म्हटलं होतं. पण माझ्या अंगात अजून ती आग होती. मी म्हणाले, "नाही. कोण, म्हणाले. त्यांना आठवतच नाही, सिस्टर. दर महिन्याला दादा समोर उभा राहतो, तरी त्यांना तो कोण ते माहीत नाही."

सिस्टरनी ओट्यावरच्या पाट्यावर हात टेकला.  मग उठल्या, माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "लिही."

मी तक्रार लिहिली. वर्गातल्या मुलांनी वेड्यात काढलं. निकाल लागला, मी चांगल्या मार्कांनी पास झाले, तेव्हा तर सगळेच म्हणाले की आता मागे घे, अजून वर्षभर याच दवाखान्यात इंटर्नशिप करायची आहे, इनामदारांच्या सहीशिवाय ती पुरी होणार नाही. आबा गावाहून आले. ते काकुळतीला येऊन सिस्टरना म्हणाले की बाई, पोरगी डॉक्टर झाली, मोठ्या माणसाशी वाकडं कशाला. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मीच आबांना सांगितलं की माघार घेणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची मुलगी नव्हतेच. जेवले नाहीत, संध्याकाळच्या एसटीनं परत गेले.

दादाला सिस्टरनी बोलावून घेतलं. तू येऊन सांग, तुझ्यासोबत काय झालं ते, असं त्या म्हणाल्या. दादा नाही म्हणाला. मायलेकांचं त्या दिवशी मोठं भांडण झालं. "तुला सूड पाहिजे आहे," दादा म्हणाला, "मला माझ्या पोरांची फी भरायची आहे." जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी त्याचं गुपित फोडलं होतं, आणि त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मला फक्त इनामदारांचा तो चेहरा दिसत होता.

चौकशी डीनच्या खोलीत झाली. डीन आणि दोन प्राध्यापक. सिस्टरना आत येऊ दिलं नाही, त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. हळबेबाईंचं पत्र वाचून दाखवण्यात आलं. इनामदार शांत होते. म्हणाले, मी या मुलीला पास केलं, हाच का माझा गुन्हा? बोलण्याच्या ओघात गंमत केली असेन. मुली हल्ली फार हळव्या झाल्या आहेत. एक प्राध्यापक हसले. डीनसाहेब कागद आवरू लागले. मला कळलं की हे इथेच मिटणार.

तेवढ्यात शिपायानं दार उघडलं. दादा आत आला. टाय, बॅग, सगळं नेहमीसारखं.

इनामदारांनी त्याला पाहिलं आणि हातानं जा अशी खूण केली. "आज नाही रे. उद्या दवाखान्यात ये."

दादा गेला नाही. त्यानं बॅग खाली ठेवली. डीननी विचारलं, आपण कोण. दादानं नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं. मग म्हणाला, "मागच्या सोमवारी मी डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये होतो. आम्ही चार कंपन्यांची माणसं होतो. साहेब म्हणाले, दगडफोड्याच्या पोरीला दया करून पास केलं तर ती उलटून चावली. आता तिची इंटर्नशिप कशी पुरी होते ते मी बघतो. आम्ही सगळे हसलो. मी पण हसलो."

इनामदारांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. ते म्हणाले, हा मनुष्य खोटं बोलतो आहे.

डीनसाहेबांनी दादाच्या बॅगेकडे पाहिलं. "याचं पोट तुमच्यावर चालतं, डॉक्टर," ते म्हणाले. "हा तुमच्याविरुद्ध खोटं कशाला बोलेल?"

इनामदारांनी बोटं जुळवली.

"अजून एक," दादा म्हणाला. तो आता डीनकडे पाहत नव्हता. "सर, मी तुमचा विद्यार्थी होतो. तीनदा तुमच्यासमोर तोंडीला बसलो. रामटेके."

इनामदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पुन्हा तीच आठी. मग मान हलवली. "शक्य आहे," ते म्हणाले. "मला आठवत नाही."

त्यानंतर परीक्षकांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. काही महिन्यांनी बदलीचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि आपल्या बंगल्यातल्या नर्सिंग होममध्ये बसू लागले. माझ्या इंटर्नशिपच्या कागदावर दुसऱ्यांची सही झाली. दादाला मात्र गावातल्या डॉक्टरांनी दारं बंद केली. इनामदारांचे सगळीकडे मित्र होते. कंपनीनं त्याची बदली दूरच्या जिल्ह्यात केली, आणि बायकोमुलांना घेऊन तो गेला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही दोघं खोलीबाहेर आलो तेव्हा सिस्टर बाकावरून उठल्या. त्यांनी निकाल विचारला नाही. दादाचा दंड धरला.

"ओळखलं का त्यानं तुला?"

दादाला खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं बोललाच होता.

"नाही, आई. सांगूनसुद्धा नाही."

मला वाटलं, सिस्टर रडतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि जिन्याच्या दिशेनं चालू लागल्या. फाटकापाशी आल्यावर थांबल्या.

"मग हे पुरलं नाही," त्या म्हणाल्या. "परीक्षेतून काढतील त्याला, ते ठीक आहे. पण त्याला आठवत नाही म्हणतो न? मग त्याला रोज वाचायला लावलं पाहिजे. त्याच्या रस्त्यावर पाट्या लागल्या पाहिजेत, आमच्या आडनावांच्या. घराबाहेर पाय टाकला की वाचतच पुढे जावं लागलं पाहिजे." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू पुढे शीक. एमडी कर. इथेच परत ये."

मग त्या दादाला म्हणाल्या की बाप्पा, तू आता घरी जा, सून वाट पाहत असेल. आणि मला म्हणाल्या की प्रवेशाची रांग पुढल्या महिन्यात आहे, आपण दोघी जाऊ. तू मुलांकडे बघ, मी बापांकडे बघते.

आम्ही गेलो. त्या वर्षी चंद्रपूरकडची एक गोंड मुलगी घरी आली, पुढच्या वर्षी मसणजोगी समाजातला एक मुलगा. मी एमडीला दुसऱ्या शहरात गेले तरी सुट्टीत येऊन त्यांचा अभ्यास घ्यायची. ती मुलं सिस्टरना आई म्हणू लागली. सिस्टर चिडायच्या, पण हाक मारली की ओ द्यायच्या. आबा बोलायला लागले, तेही हळूहळू. एकदा माझ्या नावाचं पत्र आलं, पाकिटावरचं ते डॉक्टर विटकर त्यांनी बोटानं दोनदा पुसून पाहिलं, शाई निघते का ते बघायला.

माझा दवाखाना इनामदारांच्या नर्सिंग होमच्या समोरच्या बाजूला आहे. ती जागा मिळवायला मला त्रास झाला. दुसरीकडे स्वस्तात मिळत होती, मी घेतली नाही. पाटी लावायच्या दिवशी दादा रजा काढून आला होता. सिस्टर तेव्हा थकल्या होत्या, गुडघे धरले होते, तरी सकाळीच रिक्षानं आल्या. रंगाऱ्यानं पाटी वर चढवली, तर म्हणाल्या, इथून काय दिसते, मी तिकडून पाहते. आणि कोणाचा हात न धरता रस्ता ओलांडून थेट इनामदारांच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

फाटक उघडलं. इनामदार काठी घेऊन सकाळच्या फेरीला निघाले होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. दारात म्हातारी बाई उभी पाहून ते थांबले. आम्ही रस्त्याच्या या बाजूला होतो. दादानं टायची गाठ सैल केली, पण जागचा हलला नाही.

"कोण पाहिजे?" इनामदारांनी विचारलं.

सिस्टरनी हात वर केला. "ते वाचा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि हळूहळू, मोठ्यानं वाचलं, "डॉ. रेणुका विटकर. बालरोगतज्ज्ञ." क्षणभर ते पाटीकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर खाली आली, माझ्यावर, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दादावर. काठीवरचा हात दुसऱ्या हातानं धरला.  फेरीला न जाता परत वळले आणि फाटक लावून घेतलं.

सिस्टर रस्ता ओलांडून आल्या. धाप लागली होती. दादानं विचारलं, आई, ओळखलं का त्यांनी?

"मला काय माहीत," सिस्टर म्हणाल्या. "उद्या पुन्हा निघंल न तो फिरायला." आणि मान वर करून रंगाऱ्याला ओरडून म्हणाल्या, "ए भाऊ, आडनाव जरा मोठं कर."